आधी कॉपी, मग ऐकणं, मगच कार्ड मोकळं

एम.ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाला मी भुलाबाईची गाणी (आमच्या विदर्भात पोरी संध्याकाळी भुलाबाई मांडून म्हणतात ती) आणि जात्यावरच्या ओव्या असा विषय घेतला, सुरुवात केली दर्यापूर तालुक्यातल्या आमच्याच गावापासून. कोणाला काय विचारायचं, बाया मोकळ्या कशा होतात, हे सरांनी छान शिकवलं, पण रेकॉर्डरमधला आवाज कम्प्युटरवर घ्यायचा कसा हे कोणीच सांगितलं नाही, त्यात काय शिकवायचं असं सगळ्यांना वाटतं. माझी सगळ्यात मोठी चूक तिथंच झाली. म्हणून यंदा जे पोरंपोरी फील्डवर्कला निघणार त्यांच्यासाठी हे लिहिते.

आमच्या गल्लीतली एक आजी, ऐंशीच्या पुढची. पहाटे ती जात्यावर बसली, सूनबाईनं ज्वारी घातली आणि आजीनं चाळीस मिनिटं ओव्या म्हटल्या, मध्ये मध्ये थांबायची म्हणून सात फाइल झाल्या. घरी येऊन मी साती सिलेक्ट केल्या, कट केल्या, कम्प्युटरवर पेस्ट केल्या, आणि अर्ध्यात लाइट गेली. दोन तासांनी लाइट आली तेव्हा रेकॉर्डरच्या मेमरी कार्डावर चारच फाइल, उरलेल्या तीन कम्प्युटरवर दिसत होत्या, साइजही बरोबर, पण उघडेनात. नंतर समजलं की कट करताना एकेक फाइल पलीकडे गेली की इकडची पुसली जाते, पण कम्प्युटर डेटा आधी मेमरीत धरतो आणि डिस्कवर जरा उशिरानं उतरवतो, तेवढ्यात लाइट गेली तर नाव राहतं आणि आतला आवाज जातो. पुसलेल्या फाइल कार्डावरून परत काढता येतात, फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अट एकच की त्या कार्डावर नवीन काही लिहिलेलं नसावं. मला हे माहीत नव्हतं, दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर मी भुलाबाईची गाणी भरली.

आजीकडे परत गेले. ती बिचारी परत जात्यावर बसली, पण ओव्या दुसऱ्याच आल्या. माहेरच्या वाटेवरची जी ओवी पहिल्या दिवशी होती ती म्हणून दाखव म्हटलं तर म्हणे, "तशी नाई येत वं पोरी, जातं फिरलं का येते थे येते." तेव्हा कळलं की दुसरा टेक मिळेल हा हिशोब इथं चालतच नाही.

तर कट कधीच करू नका, कॉपी करा. कॉपी झाल्यावर कम्प्युटरवरची प्रत उघडून सुरुवात, मधला भाग आणि शेवट तिन्ही ऐका, नुसती साइज पाहून समाधान मानू नका. मग पेनड्राइव्ह किंवा दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवलेली. कार्ड त्यानंतर मोकळं करायचं. काढताना इजेक्ट करूनच काढा.

रेकॉर्डर जोडला आणि कम्प्युटरला दिसलाच नाही तर आधी वायर बदलून पाहा. बाजारात कितीतरी वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच, मी रेकॉर्डर बिघडला समजून अमरावतीला दुरुस्तीला नेला होता. फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर वायर लावल्यावर वरून नोटिफिकेशन ओढून फाइल ट्रान्सफर निवडावं लागतं, नाहीतर तो फक्त चार्ज होतो. कार्ड रीडर वापरत असाल तर अ‍ॅडॉप्टरच्या बाजूचं छोटं लॉक खाली सरकवून ठेवा, मग कार्डावरून चुकून काही पुसलं जात नाही.

आता बॅटरीचं. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली तर कधी कधी फाइल शंभरेक एमबीची दिसते पण वाजवली की शून्य सेकंद. घाबरू नका आणि डिलीट तर अजिबात करू नका. वेव्ह (.wav, आवाज न दाबता साठवणारी) फाइलच्या तोंडाशी तिची लांबी लिहिलेली असते, ती स्टॉप दाबल्यावर पूर्ण होते, ती राहून गेली एवढंच, आवाज आत असतो. आधी फाइलची कॉपी करा, मग ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टमध्ये जाऊन रॉ डेटा निवडा, १६ बिट, ४४१०० आणि मोनो की स्टिरिओ ते रेकॉर्डरच्या सेटिंगप्रमाणे भरा. आवाज रेंगाळत जाड आला तर स्टिरिओ फाइल तुम्ही मोनो सांगितली, चिरका पळाला तर उलटं झालं. सुरुवातीला टक् असा आवाज येईल, तो कापून टाका. माझी भुलाबाईची पूर्ण एक संध्याकाळ अशी परत मिळाली, शेवटी पोरी खिरापत ओळखताना ओरडतात तिथपर्यंत.

रेकॉर्ड वेव्हमध्येच करा. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ तासाला साधारण ६३५ एमबी घेतं, १२८ केबीपीएसचं एमपीथ्री ५८च्या आसपास, म्हणून मोह होतो, पण एमपीथ्रीत गेलेला बारीक आवाज परत येत नाही आणि आपल्या बोलीत ळ आणि य कुठं म्हटला ते तर ऐकायचं असतं. १९०५ साली ग्रिअर्सन या इंग्रज काळातल्या अधिकाऱ्याच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड निघाला, त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, पण कागदावर. आजीचा हेल कागदावर उतरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सरांना पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तशी फाइल जशीच्या तशी जाते.

नाव त्याच रात्री बदला, कारण बॅटरी बदलली की पुष्कळ रेकॉर्डरांची तारीख मागं जाते आणि फाइल परत एकपासून सुरू होतात, मग जुन्यावर रिप्लेस झालं की संपलं. मी तारीख, गाव, गाण्याचा प्रकार असं लिहिते, बाईचं नाव वहीत वेगळं.

आणि गाणी त्या घराला परत द्या. आजीच्या सुनेकडं बटणाचा फोन, त्यात मोठं कार्ड चालत नाही, म्हणून ८ जीबीचं कार्ड फॅट३२ (साध्या फोनला वाचता येणारा फॉरमॅट) करून दिलं, एमपीथ्री करून, नावाआधी ०१, ०२ लावून आणि त्याच क्रमानं एकेक कॉपी करून, कारण असे प्लेअर बऱ्याचदा नावाप्रमाणे नाही तर कॉपी केल्याच्या क्रमानं वाजवतात. नावंही इंग्रजी अक्षरांत, मराठीचे डब्बे दिसतात. आजीनं फोन कानाला लावला, तिसऱ्या ओवीपाशी थांबवायला लावलं आणि म्हणाली, "इथं म्या एक ओळ सोडली वं, लिहून घे."