माळावर साग लावताय? आधी बी कुठलं ते विचारा

साग लावायचा म्हटलं की लोक खड्डा केवढा न् खत किती एवढंच विचारतात, बी कुठलं हे कोणी विचारत नाही. मी पण नव्हतं विचारलं. रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून स्वस्तात रोपं आणली आणि चौथ्याच पावसाळ्यात निम्म्या झाडांच्या शेंड्याला तुरे. सागाचं असंय की शेंड्याला फुलोरा आला की सरळ वाढ तिथंच थांबते न् खोडाला बेचकं फुटतं, मग त्या लाकडाला कोण विचारतंय.

तर बी आपल्यासारख्याच पावसाच्या भागातलं घ्या. निलांबूरचा साग नावाजलेला आहे, तिथं 1840च्या दशकापासून लागवड आहे, पण तो केरळच्या धो धो पावसातला. विदर्भात सात-आठ महिने कोरडे काढायचे तर मला आलापल्ली-मेळघाटाकडचंच बी भरवशाचं वाटतं. स्वतः गोळा करणार असाल तर (जंगलातलं असेल तर वनखात्याला विचारून) एकाच झाडाखालचं पोतं भरू नका, लांब लांबची 20-25 झाडं बघा, सरळ सोट न् उंचावर बेचकं असलेली.

सागाचं फळ म्हणजे लाकडाची गोटीच. रात्री पाण्यात, दिवसा उन्हात, असं 8-10 दिवस करा न् गादीवाफ्यावर टाका. तरी सगळं एकदम उगवणार नाही, घाबरू नका. वर्षभराने रोप उपटून स्टंप करायचा: अंगठ्याएवढा जाड, मुळी वीतभर, वर खोड फक्त 2-3 सेंमी. जूनमध्ये जमीन नीट भिजली की पहारीने भोक पाडून स्टंप सोडा न् टाचेने माती घट्ट दाबा, आत पोकळी राहिली की तो वाळलाच समजा. 2 बाय 2 मीटरवर एकरी हजारेक बसतात. पाणी साचणाऱ्या जमिनीत मात्र नकोच. आणि जिथं माळढोक, चिंकारा फिरतात तो माळ तसाच राहू द्या, गवत म्हणजे पडीक जमीन नव्हे.

आता खरं काम. कुंदा न् कुसळी ही गवतं पाणी आधी पितात, साग मागे राहतो, त्याला सावलीही सोसत नाही. नुसतं कापून भागत नाही, आठवड्यात परत फुटतं. स्टंपभोवती मीटरभर गोल मुळासकट खुरपून काढा, पहिल्या वर्षी जुलै, ऑगस्टअखेर न् ऑक्टोबर अशा तीन खुरपण्या, दुसऱ्या वर्षी दोन. मजुरी वाचवायला मी ऑगस्टची गाळली होती, त्या ओळी आजही बघितल्या की ओळखू येतात. कोंब वीतभर झाले की जोमदार एकच ठेवा. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) जुलैतच भरा, नंतर भरलेलं रोप शेजाऱ्याच्या सावलीत दबतं.

दिवाळीनंतर गवत वाळतं, तेव्हा कडेने 3-4 मीटर जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) साफ ठेवा, आळ्यातलं वाळकं गवतही काढून टाका. एवढं करून वणवा आलाच तर रोपं उपटू नका, मुळं बहुतेक जिवंत असतात. पावसाआधी धारदार कोयत्याने जळकं खोड जमिनीलगत तासा, नवा कोंब येईल तोच वाढवा.