डेबियनचं नवख्यांसाठीचं पान सुधारायला घेण्याआधीची तयारी

डेबियन या लिनक्स सिस्टीमचं नवख्यांसाठीचं इन्स्टॉलेशनचं पान बहुधा तोच माणूस लिहितो ज्याच्या मशीनवर सगळं आधीच नीट बसलेलं असतं, आणि पान तिथेच फसतं. त्याच्या खात्याला सुडो (प्रशासकाचे आदेश चालवायची परवानगी) मिळून वर्षं झालेली असतात, वायफायचं फर्मवेअर (चिप चालायला लागणारी फाइल) कधीचंच आलेलं असतं, पेनड्राइव्हला कोणतं नाव मिळतं ते त्याला पाठ असतं. त्यामुळे एक ओळही लिहिण्याआधी कोरं मशीन लागतं, तेही एक नव्हे, दोन.

पहिलं व्हर्च्युअल, म्हणजे चालू कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभं केलेलं. व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हर्ट-मॅनेजर, जे हाताशी असेल त्यात २ कोअर, ४ जीबी रॅम आणि २० जीबीची डिस्क द्या. डेबियनची मार्गदर्शिका डेस्कटॉपसाठी किमान १ आणि शक्यतो २ जीबी रॅम, शिवाय १० जीबी डिस्क सांगते. पण जीनोम हा डेस्कटॉप आणि ब्राउझर एकत्र उघडले की २ जीबीत मशीन रडायला लागतं, आणि तुम्ही पानातली चूक शोधत असताना मशीनचा संथपणा मध्ये नको. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन साधारणपणे जुन्या बायोस पद्धतीने उघडतं. ईएफआयच्या (मशीन सुरू करायच्या नव्या पद्धतीच्या) चौकटीत खूण केली नाहीत, तर पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या, पायऱ्या वाचकाच्या लॅपटॉपवर दिसणाऱ्या पायऱ्यांपेक्षा वेगळ्या येतील, कारण ईएफआयचं छोटं पार्टिशन बनणारच नाही. डिस्क कोरी असताना एक स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणीची जपलेली स्थिती) घ्या आणि पहिल्यांदा लॉगिन झाल्यावर दुसरा. पुढचे पंधरा दिवस याच दोघांकडे परत यायचं आहे.

दुसरं मशीन खरं हवं, शक्यतो ज्यात विंडोज आहे आणि ज्याचा डेटा गेला तरी कुणी रडणार नाही असा लॅपटॉप. व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क नेहमी केबलचं दिसतं, म्हणून वायफायची अडचण तिथे कधी येतच नाही. तसंच डिस्कचं. अनेक लॅपटॉपवर डिस्क कंट्रोलर रेड मोडवर (अनेक डिस्क एकत्र जोडायच्या पद्धतीवर) असतो, आणि मग इन्स्टॉलरला आतली एसएसडी दिसत नाही. यादीत फक्त पेनड्राइव्ह दिसतो आणि नवखा माणूस तोच निवडून मोकळा होतो. ‘बायोसमध्ये जाऊन एएचसीआय करा’ (म्हणजे डिस्कचा साधा मोड लावा) एवढंच लिहिलंत तर पुढच्या वेळी विंडोज उघडणार नाही, किंवा विंडोजचं डिस्क-कुलूप बिटलॉकर रिकव्हरी की मागेल. ती की आधी कागदावर उतरवून घ्यायला सांगणारी ओळ पानाच्या तळाला नको, मोड बदलण्याच्या ओळीच्या वर हवी. ‘टीप’ म्हणून खाली टाकलेला इशारा वाचायला लोक चूक झाल्यावरच येतात.

आवृत्ती ठरवून घ्या आणि पानाच्या माथ्यावर लिहा. डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, १० जून २०२३ ला आलं. डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला. जुनी पानं तपासताना या दोन्ही ठिकाणी सांधे निखळलेले सापडतील. बुकवर्मपासून फर्मवेअर अधिकृत आयएसओतच (इन्स्टॉलेशनसाठी उतरवायच्या फाइलीतच) असतं, तेव्हा ‘फर्मवेअर वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या’ हा अख्खा परिच्छेद उडवायचा. त्याच वेळी फर्मवेअरसाठी डेबियनच्या पॅकेजांच्या भांडारात ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाचा वेगळा विभाग झाला, म्हणून फक्त ‘नॉन-फ्री’ लिहायला सांगणारी ओळ आज अपुरी आहे. ट्रिक्सीपासून ३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी इन्स्टॉलरच येत नाही. शाळेच्या लॅबमधल्या जुन्या मशीनसाठी कुणी हे पान उघडलं, तर त्याला हे पहिल्या परिच्छेदात कळायला हवं, आयएसओ उतरवून झाल्यावर नव्हे.

आयएसओ फाइलचं पूर्ण नाव पानात देऊ नका. अधूनमधून १३.१, १३.२ अशा सुधारित आवृत्त्या निघतात, डाउनलोडच्या चालू फोल्डरमधून जुनी फाइल हलते आणि तुमची लिंक मरते. फोल्डरची लिंक द्या आणि नावाचा कोणता भाग ओळखायचा ते सांगा: ‘एएमडी-६४’ आणि ‘नेटइन्स्ट’ (बाकीची पॅकेजं नेटवरून आणणारा छोटा आयएसओ). इंटेलचा प्रोसेसर असलेला माणूस ‘एएमडी’ पाहून हमखास अडतो. हे नाव दोन्ही कंपन्यांच्या ६४ बिट प्रोसेसरांसाठी आहे, हे एका वाक्यात तिथेच सांगून टाका.

नेटइन्स्ट आणि लाइव्ह (डिस्कवर न बसवताही चालणारा आयएसओ) यांतलं एकच निवडा. लाइव्ह आयएसओच्या डेस्कटॉपवरचा इन्स्टॉलर कॅलामारेस असतो, नेटइन्स्टमध्ये डेबियनचा स्वतःचा. प्रश्न वेगळे, क्रम वेगळा. दोन्हींचे स्क्रीनशॉट मिसळलेलं पान वाचणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. या पुढचं सगळं नेटइन्स्ट धरून आहे.

चेकसमची (उतरवलेली फाइल बरोबर आली का ते आकड्याने पडताळायची) पायरी स्वतः दोनदा करून पाहा, एकदा लिनक्सवर, एकदा विंडोजवर. डेबियनच्या चेकसमच्या फाइलीत त्या फोल्डरमधल्या सगळ्या आयएसओंची नावं असतात. साधी तपासणी चालवली की न उतरवलेल्या प्रत्येक फाइलीसाठी ‘उघडता आली नाही’ अशी ओळ येते, आणि नवखा समजतो की आयएसओ खराब आहे. नसलेल्या फाइली सोडून द्यायचा पर्याय आदेशातच घाला. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हॅशचा, म्हणजे हाच पडताळणीचा आकडा काढायचा, आदेश आपणहून २५६ बिटचा हॅश काढतो. पानावर ५१२ चा दिला असेल, तर दोन आकडे जन्मात जुळणार नाहीत.

पेनड्राइव्ह लिहिण्याच्या पायरीत तीन खड्डे आहेत. डीडी (फाइल डिस्कवर जशीच्या तशी लिहिणारा आदेश) वापरताना नाव अख्ख्या डिस्कचं द्यायचं, म्हणजे ‘एसडीबी’. ‘एसडीबी१’, म्हणजे तिचा पहिला भाग, दिलं तर लिहून होतं, चूक दिसत नाही, आणि ड्राइव्ह बूट होत नाही. आधी डिस्कची यादी दाखवणारा एलएसबीएलके आदेश चालवून आकारावरून ड्राइव्ह ओळखायला लावा, कारण वाचकाच्या मशीनवर ‘एसडीबी’ म्हणजे बॅकअपची डिस्क असू शकते. दुसरा खड्डा: आदेश संपला तरी डेटा अजून मेमरीत असू शकतो. ‘सिंक’ चालवून प्रॉम्प्ट परत येईपर्यंत ड्राइव्ह ओढायचा नाही. तिसरा विंडोजवरचा. लिहून झाल्यावर ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी खिडकी येऊ शकते. ती रद्द करायची, हे पानात नसेल तर वाचक आज्ञाधारकपणे फॉरमॅट करतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता खरा घोळ जिथे होतो तो पडदा. इन्स्टॉलर रूटचा (मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड विचारतो, दोन रिकामे रकाने दाखवतो, आणि वर एक लांबलचक मजकूर असतो जो कुणी वाचत नाही. पासवर्डचा रकाना रिकामा सोडायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून माणूस भरतो. रकाने रिकामे सोडले असते तर रूटचं लॉगिन बंद राहिलं असतं आणि पहिल्या युजरला सुडो मिळाला असता. भरले की रूट चालू होतो आणि त्या युजरला सुडो मिळत नाही. चूक लगेच दिसत नाही. ती पाऊण तासाने उगवते, जेव्हा पानाचा पुढचा भाग ‘सुडो अॅप्ट अपडेट’ (अॅप्ट म्हणजे पॅकेजं आणणारं साधन) चालवायला सांगतो आणि उत्तर येतं की तुमचं नाव सुडोअर्स फाइलीत, म्हणजे सुडोची परवानगी असलेल्यांत, नाही. वाचक पासवर्ड चुकला असं धरून चार वेळा तोच टाइप करतो.

यावरचा उतारा म्हणून जुन्या पानांवर ‘एसयू करून रूट व्हा आणि अॅडयुजरने नाव सुडो गटात टाका’ असं असतं. डेबियन १० पासून तेही अर्धवट आहे. नुसतं ‘एसयू’ केलं तर जुन्याच युजरचा पाथ (आदेश शोधायच्या फोल्डरांची यादी) राहतो, त्यात ‘एसबिन’ फोल्डर नसतं, आणि अॅडयुजर ‘आदेश सापडला नाही’ म्हणतो. ‘एसयू’नंतर जागा सोडून एक आडवी रेघ द्यायला हवी. मग नाव गटात जातं, पण चालू सेशनला ते कळत नाही. लॉगआउट करून परत यावं लागतं. रिकामा न सोडलेल्या एका रकान्यापायी चार पायऱ्या, आणि त्यातली कुठलीही गाळली तर वाचक अडकतो. पानात दोन्ही रस्ते लिहा, पण त्या पडद्याच्या स्क्रीनशॉटखाली ठळक अक्षरांत एकच सांगा: घरच्या मशीनवर रकाने रिकामे सोडा. दोन्ही रस्ते कोऱ्या स्नॅपशॉटवरून चालवून पाहिल्याशिवाय हा भाग पुरा झाला असं म्हणू नका.

बायोस पद्धतीच्या जुन्या मशीनवर शेवटी ग्रब (मशीन चालू होताना सिस्टीम उघडणारा प्रोग्राम) कुठे बसवायचा असं विचारतात. पेनड्राइव्ह यादीत पहिला असू शकतो. पहिलं दिसेल ते निवडलं तर पेनड्राइव्ह काढल्यावर मशीन उठत नाही. इथेही आकारावरून ओळखायला सांगा.

डीव्हीडीच्या पूर्ण आयएसओवरून नेटवर्कशिवाय बसवलेल्या मशीनवर अॅप्टच्या यादीत ‘सीडीरॉम’ने सुरू होणारी ओळ उरते आणि प्रत्येक वेळी डिस्क घाला म्हणून मागे लागते. ती ओळ बंद कशी करायची ते एका वाक्यात पुरे. यादीत ‘स्टेबल’ (त्या वेळी चालू असलेली आवृत्ती) असा शब्द असलेलं उदाहरण मात्र देऊ नका, ‘ट्रिक्सी’च लिहा. नाहीतर पुढची आवृत्ती आली त्या दिवशी साध्या अपग्रेडच्या नावाखाली अर्धी सिस्टीम बदलायला लागते.

आदेशांचे तुकडे कॉपी करून स्वतः चालवा, डोळ्यांनी वाचून नव्हे. रूटचा प्रॉम्प्ट म्हणून ओळीच्या सुरुवातीला # ठेवलं, तर कॉपी केलेली ओळ शेलला (आदेश चालवणाऱ्या प्रोग्रामला) टिप्पणी वाटते आणि काहीच होत नाही, चूकसुद्धा येत नाही. $ ठेवलं तर निदान चूक तरी येते. वर्ड प्रोसेसरमधून आलेल्या मजकुरात दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकलेली असतात. ‘तुमचं नाव’ असं कोनदार कंसात लिहू नका, शेल त्याला फाइल वाचायचा आदेश समजतो. मराठी पानात आणखी दोन फासे आहेत: आदेशात शिरलेले देवनागरी आकडे, आणि आदेशाला चिकटलेला वाक्याचा पूर्णविराम. आदेश स्वतंत्र ओळीवर ठेवला की दुसरा फासा आपोआप सुटतो.

पान मराठीत करायचं असेल तर इन्स्टॉलर आधी मराठीत चालवा. मराठीचा पर्याय फक्त ग्राफिकल इन्स्टॉलमध्ये दिसतो. मजकुराच्या इन्स्टॉलरमध्ये जोडाक्षरं मांडता येत नाहीत. पडद्यावर बटणाला जो शब्द आहे तोच पानात वापरा, तो तुम्हाला पटो न पटो. सुंदर प्रतिशब्द घडवायची जागा ही नाही. ‘पुढे’ असं बटण असेल आणि पानात ‘अग्रेसर व्हा’ असेल, तर वाचक ते बटण शोधत बसतो. कीबोर्डच्या पडद्यावर मात्र अमेरिकन इंग्लिशच निवडायला सांगा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा पासवर्ड डेस्कटॉप येण्याआधी टाइप करावा लागतो, आणि तिथे देवनागरी लेआउट अडकला की आत शिरायची वाटच बंद. इन्स्क्रिप्ट हा देवनागरी लेआउट नंतर आयबस या टायपिंगच्या साधनातून जोडता येतो. चुकांचे संदेश इंग्रजीतच ठेवा, कारण उत्तर शोधताना तेच शब्द कामी येतात. मराठी सिस्टीमवर ते इंग्रजीत हवे असतील तर आदेशाआधी भाषा ठरवणाऱ्या ‘एलसी ऑल’ची किंमत ‘सी’ करून घ्या.

हे झालं की एक माणूस लागतो, ज्याने कधीच लिनक्स बसवलेलं नाही. त्याच्यापुढे पान ठेवा, शेजारी बसा, तोंड बंद ठेवा. हे सगळ्यात कठीण. तो थांबला की घड्याळ पाहा आणि पडद्याचं नाव लिहा. ५ मिनिटं झाली तरच बोला, आणि जे बोललात ते शब्दशः टिपून ठेवा, कारण पानात नेमकं तेवढंच कमी आहे. तो मागे जाऊन पुन्हा वाचतो ती ओळ, आणि न वाचताच ‘पुढे’ दाबतो तो पडदा, दोन्ही टिपा. अडकलाच तर बसवून झालेल्या मशीनवर ‘व्हार’मधल्या ‘लॉग’मध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचं फोल्डर असतं. त्यातली सिसलॉग ही नोंदींची फाइल जपून ठेवा.

बदल पाठवण्याआधी मूळ मजकूर कुठे राहतो ते पाहा. अधिकृत मार्गदर्शिका डॉकबुक एक्सएमएल या दस्तऐवजांच्या स्वरूपात आहे, कोड डेबियनच्या साल्सा या साइटवर आहे, आणि भाषांतरं बहुतेक पीओ फाइलींत (मूळ वाक्य आणि भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या). इंग्रजी वाक्यातला एक स्वल्पविराम हलला तरी ते वाक्य तिथल्या सगळ्या भाषांत ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, होतं, आणि भाषांतरकाराने हात लावेपर्यंत तिथे इंग्रजीच दिसतं. म्हणून शोभेचे बदल आणि चुकीची दुरुस्ती एकाच पॅचमध्ये (पाठवायच्या बदलांच्या फाइलीत) घालू नका. बग नोंदवताना ‘इन्स्टॉलेशन-गाइड’ या पॅकेजवर नोंदवा, पॅच जोडला असेल तर तसा टॅग लावा, आणि कोणत्या आयएसओवर, कोणत्या पडद्यावर, काय दाबल्यावर काय झालं ते चार ओळींत द्या. रूटच्या पासवर्डचा भाग पहिला पाठवा. बाकीचे पॅच थांबले तरी चालतील.