यूकेत ड्रायव्हिंग टेस्टची तारीखच मिळत नाही? मला अशी मिळाली (2025)

पोस्टकोड टाकला की जवळच्या सगळ्या सेंटरवर एकच मेसेज, तारखा उपलब्ध नाहीत. बुकिंग फक्त 24 आठवडे पुढचंच दिसतं आणि ते सगळं भरलेलं. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून 12 महिनेच गाडी चालवता येते, त्यामुळे जीव नुसता टांगणीला. रात्री साइट रिफ्रेश करून बघितलं, पैसे घेणारं ॲपही लावलं, काही हाती लागलं नाही.

शेवटी जमलं ते असं. आधी थोडं लांबचं सेंटर घेऊन मिळेल ती तारीख 62 पाउंड भरून बुक केली, कारण 2025 मध्ये बुकिंग हातात असलं की त्याची तारीख आणि सेंटर दोन्ही बदलता यायचं. नवीन स्लॉट सोमवारी सकाळी 6 वाजता सुटतात, तेव्हा सरकारी साइटवरच्या टेस्ट बदलायच्या पानावर लायसन्स नंबर आणि बुकिंग रेफरन्स टाकून लॉगिन केलं, आधी सेंटर बदललं, मग सर्वात लवकरची तारीख हा पर्याय निवडला आणि स्लॉट दिसताच कन्फर्म केला. आधीच्या टेस्टला पूर्ण 10 वर्किंग डे बाकी असतानाच बदला, नाहीतर फी जाते (शनिवार धरतात, रविवार नाही). आणि इन्स्ट्रक्टरला कुठले दिवस जमतात ते स्लॉट सुटायच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा, टेस्टला गाडी त्याची वापरणार असाल तर.