प्रोबेशनवर असताना शहर बदलताय? या चुका टाळा

कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजेच प्रोबेशनवर (परिवीक्षेवर) सोडलं की घरात पहिलं वाक्य ऐकू येतं, "सुटलो एकदाचे, केस संपली." पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ याच समजुतीत असतं. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली सोडताना कोर्टाने शिक्षा माफ केलेली नसते, ती अजून सुनावलेलीच नसते. बाँडची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असते. तोवर शांततेने आणि नीट वागेन आणि कोर्टाने बोलावलं तर शिक्षा घ्यायला हजर होईन, असं तुम्ही लिहून दिलेलं असतं. म्हणून मधेच दुसऱ्या शहरात नोकरी लागली किंवा घरमालकाने जागा खाली करायला लावली, तर सामान हलवण्याआधी कोर्टाचं काम उरकावं लागतं.

दुसऱ्या टोकाची समजूतही तितकीच घातक आहे: प्रोबेशन म्हणजे गाव सोडायचंच नाही. या भीतीपोटी लोक हातातली चांगली नोकरी सोडून देतात, नाहीतर कुणालाही न सांगता निघून जातात. कायद्याचा रोख तसा नाही. बाँडवर सोडताना कोर्ट पाहतं की आरोपी किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता किंवा नियमित कामधंदा कोर्टाच्या हद्दीत आहे का, किंवा बाँडच्या काळात आरोपी जिथे राहण्याची शक्यता आहे तिथे आहे का. म्हणजे माणूस दुसरीकडे राहू शकतो, हे कायद्याने धरलेलंच आहे. प्रश्न फक्त कोर्टाला आधी कळण्याचा आणि अट बदलून घेण्याचा.

आदेश न वाचताच निघणं

सगळ्यांचे बाँड सारखे नसतात. काहींमध्ये फक्त चांगल्या वर्तणुकीची हमी असते. काहींमध्ये प्रोबेशन ऑफिसरच्या देखरेखीचा आदेश असतो, त्याची मुदत किमान १ वर्ष. त्यात कुठे राहायचं, नशा करायची नाही, अशा अटी असू शकतात. देखरेखीच्या आदेशाची प्रत तुम्हाला, जामीनदाराला आणि ऑफिसरला मिळायला हवी. हरवली असेल तर कोर्टाच्या नक्कल विभागातून प्रमाणित प्रत काढा आणि राहण्याच्या जागेबद्दलची ओळ वकिलाकडून समजून घ्या. कलम ५ खाली नुकसानभरपाई द्यायची असेल, तर ती किती बाकी आहे तेही याच वेळी पाहून घ्या.

"साहेब हो म्हणाले" यावर विसंबणं

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात. ऑफिसर फोनवर म्हणतात, "जा, काही हरकत नाही." माणूस जातो. सहा महिन्यांनी त्या ऑफिसरची बदली होते, नवे ऑफिसर फाइल उघडतात, तर पत्त्यावर माणूस नाही. आधीचं बोलणं कुठेच नोंदलेलं नसतं.

अट बदलण्याचा अधिकार ऑफिसरचा नाही, कोर्टाचा आहे. कलम ८ प्रमाणे ऑफिसरने अर्ज करायचा, कोर्टाने तुमचं आणि जामीनदाराचं म्हणणं ऐकायचं आणि मग बाँडमध्ये बदल करायचा. म्हणून ऑफिसरला टाळू नका. तुमच्या बाजूने अर्ज त्यांच्याच हातून जाणार आहे. महाराष्ट्रात हे जिल्हा परिविक्षा अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली काम करतात. त्यांना लेखी विनंती द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. विनंतीत नवा पूर्ण पत्ता, जाण्याचं कारण, जाण्याची तारीख आणि सोबत कोण राहणार हे लिहा. नोकरीचं पत्र आणि भाडेकरार किंवा नातेवाइकाचं संमतीपत्र जोडा. "कामानिमित्त बाहेरगावी" एवढंच लिहिलेल्या अर्जाला काही वजन नसतं. बाँडला देखरेखीचा आदेशच जोडलेला नसेल, तर वकिलामार्फत त्याच कोर्टात अर्ज करा.

आणि कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत थांबा. नव्या कंपनीकडून रुजू होण्याची तारीख थोडी पुढची मागून घेणं परवडतं.

नव्या शहरात आपोआप सोय होईल असं धरणं

फाइल तुमच्या मागून चालत येत नाही. देखरेखीच्या आदेशात ज्या ऑफिसरचं नाव आहे, त्यांच्या जागी दुसरा ऑफिसर मूळ कोर्ट नेमू शकतं, किंवा तुम्ही सध्या राहता त्या जिल्ह्याचे जिल्हा दंडाधिकारी नेमू शकतात. ही नेमणूक झाली का, हे तुम्हीच विचारत राहा. नवं नाव लेखी कळेपर्यंत जुन्या ऑफिसरकडची हजेरी चुकवू नका.

जामीनदाराला विसरणं

बहुधा काका, मेहुणा नाहीतर जुने मालक जामीन राहिलेले असतात. त्यांनी तुमच्या शब्दावर सही केलेली असते. अट मोडली तर कोर्टाचा समन्स त्यांनाही जाऊ शकतो. त्यांना शेजाऱ्यांकडून कळावं, हे माणुसकीलाही धरून नाही. बदलाला त्यांनी संमती दिली नाही, तर कोर्ट तुमच्याकडून नवा बाँड मागू शकतं आणि तो न दिल्यास शिक्षा सुनावू शकतं. म्हणून नव्या जामीनदाराची तयारी आधीच ठेवा.

नोकरीच्या फॉर्मवर लपवणं

कलम १२ मुळे प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. पण दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. फॉर्ममध्ये थेट प्रश्न असेल तर खरं लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. माहिती दडवणं हे नोकरी जाण्याचं वेगळं कारण ठरू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग निकालात याचा सविस्तर विचार केला आहे.

न सांगता आधीच आला असाल तर

लपून राहू नका. ऑफिसरचा अहवाल कोर्टात गेला की कलम ९ खाली समन्स किंवा वॉरंट निघू शकतं, आणि ते जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतं. अट मोडल्याचं सिद्ध झालं तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं, आणि मग कलम १२ चं संरक्षणही जातं. मात्र पहिलीच चूक असेल तर बाँड चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावर सोडण्याची मोकळीकही कायद्याने कोर्टाला दिली आहे. कोणता मार्ग घ्यायचा हे कोर्ट ठरवतं, आणि स्वतःहून आलेल्या माणसाला तिथे बोलायला काहीतरी असतं.

तेव्हा आजच वकिलाला गाठा. ई-कोर्ट्सच्या साइटवर केस क्रमांकाने पुढची तारीख आणि वॉरंटची नोंद तपासा. वॉरंट निघालं असेल तर ते रद्द करण्याचा अर्ज घेऊन वकिलासह स्वतः हजर व्हा. गेल्यापासून कुठे काम केलं, कुठे राहिलात, याची कागदपत्रं सोबत ठेवा, पगाराच्या पावत्यासुद्धा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.