जुन्या गीझरचा थर्मोस्टॅट बदलला

स्विचवरचा दिवा लागायचा, पाणी मात्र थंडगार. पाणी तापवणारी कॉइल गेली असणार, असं जो तो सांगत होता. वीज तोडणारा एमसीबी स्विच पाडला, झाकण उघडलं आणि टर्मिनलवर वीज नाही ना, हे मल्टिमीटरने पाहिलं. नुसत्या टेस्टरवर माझा भरवसा नाही.

वायरी सोडवून कॉइल मोजली तर साधारण 26 ओहम. 2 किलोवॉटच्या कॉइलला 230 व्होल्टवर एवढंच हवं, म्हणजे कॉइल ठणठणीत. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की कॉइलची वीज तोडणारा भाग, मात्र पाणी थंड असूनही विजेची वाट तुटलेली दाखवत होता. रीसेटचं बटण दाबूनही ढिम्म.

त्याची दांडी कोरड्या नळीत असते, त्यामुळे टाकी रिकामी करायची भानगड नाही. वायरींचा फोटो काढला, दांडी सरळ ओढून घेतली. एका वायरीचं टोक जळून काळं, कडक झालेलं. तेवढं कापून नव्याने सोललं. नवा थर्मोस्टॅट त्याच लांबीचा, तेवढ्याच अँपिअरचा घेतला. टर्मिनलचे स्क्रू घट्ट आवळले, कारण सैल राहिले की तिथेच तापतं. डायल 60 अंशांवर ठेवला, झाकण बसवलं आणि मगच वीज सुरू केली. पाणी तापल्यावर थर्मोस्टॅट टक् करून बंद झाला.