पिकअपच्या मीटरची धुरकट काच: खोलण्याआधी काय काय जमवाल

सगळे काच म्हणतात, पण डॅशबोर्डमधल्या वेग-डिझेल दाखवणाऱ्या मीटरवर असतं ते पारदर्शक प्लास्टिक, बहुधा ॲक्रिलिक. सोलापूरच्या उन्हात दहा-पंधरा वर्षं काढलेल्या पिकअपमध्ये ते धुरकट होण्याची कारणं तीन. एक तर बाहेरून बारीक ओरखडे पडलेले असतात, नाहीतर आतून चिकट थर बसलेला असतो, नाहीतर प्लास्टिकच खराब झालेलं असतं. यातलं कुठलं ते ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका, कारण तिन्हींचं सामान वेगळं आहे.

ओळखायला पाण्याचा एक थेंब पुरतो. काचेवरची धूळ आधी मऊ ब्रशने झटका, मग ओलं बोट धुरकट जागेवर फिरवा आणि बाजूने तिरका टॉर्च मारा. ओल्या जागेपुरतं मीटर स्वच्छ दिसलं आणि पाणी वाळल्यावर पुन्हा धुरकटलं, तर दोष बाहेरच्या ओरखड्यांचा. पाणी त्यांत भरून राहिलं म्हणून तेवढ्यापुरतं दिसलं. पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर दोष आतला किंवा प्लास्टिकचा. डॅशबोर्ड तापला की त्यातलं मऊपणा देणारं रसायन वाफ होऊन उडतं आणि मीटरच्या काचेवर आतून तेलकट पापुद्र्यासारखं बसतं. हा थर नुसत्या साबणाच्या पाण्याने निघतो, पॉलिश पेपर लावायची गरजच नाही. कितीतरी काचा या एका चुकीपायी फुकट घासल्या जातात. तिसरा प्रकार म्हणजे जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा, किंवा पांढऱ्या कागदावर धरल्यावर दिसणारा आरपार पिवळेपणा. ते घासून जात नाही. अशी काच असेल तर पेपर आणण्याऐवजी आपल्या मॉडेलची नवी किंवा चांगली जुनी काच आधी शोधा, ती हातात आल्यावरच मीटर खोला.

ओरखडे असतील तर आता नख फिरवा. नख अडकत नसेल तर २००० नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर मोठा तितका बारीक), त्यावर ३००० आणि शेवटी पॉलिश एवढ्यावर भागतं. नख अडकलं तर १००० पासून सुरुवात करून १५००, २०००, ३००० असं चढत जावं लागेल. ८०० चा पेपर फक्त खोल चऱ्यासाठी, तोही घ्यायची वेळ क्वचित येते. प्रत्येक नंबरचा एक ताव पुरे, त्याचे चार तुकडे करून एक तुकडा वापरायचा. साध्या हार्डवेअरच्या दुकानात बारीक नंबर मिळत नसले तर गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात मागा. प्लास्टिकला चालणारं बारीक पॉलिश ५० ग्रॅम, मायक्रोफायबरची तीन कापडं (एक पॉलिश लावायला, एक पुसायला, एक शेवटच्या हाताला), पेपरखाली धरायला स्पंजचा सपाट तुकडा, भांडी घासायचा पातळ साबण, मास्किंग टेप आणि हवा मारायचा रबरी फुगा, एवढं सामान.

सोलापुरी टॉवेल खाली अंथरायला उत्तम, त्याने काच घासू मात्र नका. त्याच्या लूपांत वाळूचा कण अडकून बसतो आणि शेवटच्या पॉलिशवर नवा ओरखडा उमटतो. घासायच्या पाण्याचंही तसंच. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घराघरांत बॅरल भरून ठेवलेलं असतं आणि त्याच्या तळाला गाळ असतो. तो पेपरखाली आला की २००० चा पेपरही ४०० सारखा चरे पाडतो. बोअरचं पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. त्यामुळे दोन-तीन लिटर फिल्टरचं पाणी वेगळं भरून ठेवा आणि शेवटच्या धुण्यासाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एक लिटर आणा.

काय आणायचं नाही तेही ठरवून घ्या. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन, स्पिरिट आणि अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रे ॲक्रिलिकला चालत नाही. लावल्या लावल्या लख्ख दिसतं, पण प्लास्टिकमध्ये साचलेला ताण मोकळा होतो आणि बारीक भेगांची जाळी पडते. डायलवरची छपाईही त्यांनी उडते. टूथपेस्टचे कण सगळीकडे सारखे बारीक असतील याचा भरवसा नसतो. ड्रिलला बफ लावून काम लवकर होईल असं वाटतं, पण एका जागी दोन-चार सेकंद जास्त थांबलं की प्लास्टिक तापून ओघळल्यासारखं होतं आणि तो डाग मग निघत नाही. काम हातानेच करा.

खोलायला दहाचा पाना, मध्यम आणि लहान स्टार स्क्रू ड्रायव्हर, लॉक उचकायला प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, मोबाईल, आणि स्क्रू ठेवायला खणांचा डबा लागेल. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने लॉक उचकू नका. उन्हाने वाळलेले लॉक तुटतात आणि मग मीटर आयुष्यभर खडखडतं. मीटरचा वेगाचा काटा गिअरबॉक्सकडून येणाऱ्या केबलवर चालत असेल तर त्या केबलचं लॉक हात घालून सोडावं लागतं. केबल ओढली जात नसेल तर गिअरबॉक्सकडून थोडी ढील घ्या, जोर करू नका. ट्रिप मीटरची कांडी काचेतून बाहेर येत असेल तर तिचं बटण ओढून निघतं की फिरवून, ते आधी पाहून ठेवा.

दिवस असा निवडा की संध्याकाळपर्यंत भाडं नाही. मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असताना किंवा आषाढी वारीच्या गर्दीत हे काम काढू नका. मीटर बाहेर ठेवून गाडी चालवायची नाही, हे चालकालाही आधीच सांगून ठेवा. वेग दिसत नाही हे तर आहेच, शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मीटरमधल्या बॅटरीच्या लाल दिव्यातून जातो. दिवा नाही तर चार्जिंग नाही, आणि गाडी वाटेत बसते. मीटर उघडलेलंच आहे तर फ्यूज झालेले बल्ब बदलून घ्यावेत, म्हणून जुना बल्ब दाखवून त्याच मापाचे चार जास्तीचे आणून ठेवा. बाकी ठिकाणी एलईडी बसवली तरी या एका लाल दिव्याला मात्र साधाच बल्ब ठेवा.

उन्हाळ्यात सुरुवात सकाळी सातच्या आत करा. दुपारी डॅशबोर्डला हात लावता येत नाही, आणि तापलेल्या काचेवर पाणी व पॉलिश लगेच वाळतं. जागा बंद खोलीची, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, पंखा बंद. रस्त्याकडेला नको. काच काढल्यावर डायल आणि काटे उघडे पडतात, म्हणून मीटर ठेवायला झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आधीच धुऊन वाळवून ठेवा. मीटर गाडीत असतं तसंच उभं ठेवा. काही मीटरांच्या काट्यांना थरथर थांबवणारं सिलिकॉन तेल असतं, पालथं ठेवलं तर ते डायलवर उतरतं. काट्यांना बोट लावायचं नाही, जागचे हलले की वेग आणि डिझेल दोन्ही चुकीचं दिसतं.

सगळं हाताशी आलं की चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. प्रत्येक कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढण्याआधी फोटो काढा आणि कपलर धरून ओढा, वायर धरून नाही. मीटरच्या पाठीला तांब्याच्या रेषांची पातळ फिल्म असेल तर ती वाकवू नका, जुनी फिल्म घडीवर तुटते. काच सुटी झाली की आधी साबणाच्या पाण्यात दोन्ही बाजूंनी धुवा. पुष्कळदा काम इथेच संपतं. काच मुळातच चमक मारू नये म्हणून मॅट केलेली असेल तर तिला घासू नका. घासली तर ती चकचकीत होईल आणि दुपारी तिच्यात आकाशच दिसेल.

घासायचं असेल तर कडेच्या काळ्या भागाला टेप लावा आणि पूर्ण काच सारखी घासा. फक्त ओरखड्याच्या जागी घासलं तर तिथे खळगा होतो आणि त्यामागचे आकडे वाकडे दिसतात. एक नंबर आडवा, पुढचा उभा. आधीच्या नंबरच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. दर नंबरला चार-पाच मिनिटं, पाणी सतत, आणि नंबर बदलताना काच, हात, स्पंज तिन्ही धुवायचे. ३००० नंतर काच दुधाळ दिसेल. घाबरू नका, पॉलिशने ती उघडते.

पॉलिश खाचांतून ब्रशने काढून डिस्टिल्ड वॉटरने धुवा आणि काच उभी ठेवून वाळू द्या. लगेच जोरात पुसली तर स्थिर वीज तयार होऊन धूळ चिकटते. बसवण्याआधी आतल्या बाजूला आणि डायलवर फुग्याने हवा मारा. कपलर जोडून, केबलचं चौकोनी टोक नीट बसल्याची खात्री करून बॅटरी लावा. डॅशबोर्डचे स्क्रू मात्र अजून आवळू नका. आधी चावी फिरवून सगळे दिवे, डिझेलचा काटा आणि रात्रीचा उजेड पाहा, मग दोन किलोमीटर हळू चालवून वेगाचा काटा न थरथरता चढतो का ते बघा.