भुतांच्या गावी तेरा आठवडे

मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. नागपूरची, डॅलसला येऊन तिसरं वर्ष, स्पॉन्सर करणाऱ्या हॉस्पिटलशी केलेला करार नुकताच संपलेला. म्हणाली, "ताई, ट्रॅव्हल नर्सिंग सुरू करतेय. ऑक्टोबरात चेटकिणींच्या सेलमला जायचंय. हॅलोविन तिथेच बघणार."

"लायसन्स कुठलं?"

"टेक्ससचं. कॉम्पॅक्ट."

"मग सेलमला काम कशी करशील?"

पलीकडे सगळं गप्प. ट्रॅव्हल नर्सिंग म्हणजे एजन्सीमार्फत दर काही आठवड्यांनी नव्या गावच्या हॉस्पिटलात कॉन्ट्रॅक्टवर काम, आणि कॉम्पॅक्ट म्हणजे राज्याराज्यांतला करार, ज्यामुळे एका राज्याचं लायसन्स करारातल्या बाकीच्या राज्यांतही चालतं. तिला त्या दिवशी तासभर जे सांगितलं, ते इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते.

मी मिरजेची. २००६ साली आले, आधी मेड-सर्ज (साधा वॉर्ड), मग टेलिमेट्री (हृदयावर मशीनने लक्ष ठेवायचा वॉर्ड). गेली नऊ वर्षं ट्रॅव्हल करतेय. नवऱ्याला फिरायचा कंटाळा आणि मला एका जागी बसायचा, त्यामुळे संसार सुखाचा आहे. भुतांच्या गावांची आवड कशी लागली ते पुढे येईलच. आधी रुक्ष भाग उरकू, कारण गाव निवडणं ही शेवटची पायरी आहे आणि नवीन मुलं तीच पहिली धरतात.

ग्रीन कार्ड हातात असेल आणि पहिल्या मालकाचा करार पूर्ण झाला असेल, तरच या वाटेला लागा. करार मोडून निघालात तर तो किती पैसे मागू शकतो, ते सही केलेल्या कागदात आहे. तो कागद पुन्हा वाचा. एच-वन-बीवर असाल तर दर तीन महिन्यांनी नवं हॉस्पिटल हे गणित जमत नाही. भारतातला अनुभव कितीही असो, बहुतेक एजन्सी अमेरिकेतला एक-दोन वर्षांचा, त्याच विभागातला अनुभव मागतात. ते बरोबरच आहे. ट्रॅव्हलरला एक-दोन दिवसांचं ओरिएंटेशन मिळतं आणि तिसऱ्या दिवशी पाच पेशंट हातात.

लायसन्सचं असं, की कॉम्पॅक्टमध्ये आज चाळीसहून जास्त राज्यं आहेत. टेक्सस, जॉर्जिया, लुइझियाना, केंटकी, दोन्ही कॅरोलिना, फ्लोरिडा, न्यूजर्सी ही सगळी आत. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क बाहेर. सेलम ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, त्या राज्याने कायदा २०२४ मध्ये केला, पण कायदा होणं आणि लायसन्स चालू होणं यात बरंच अंतर असतं. सही करायच्या दिवशी त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर बघा. रिक्रूटरच्या "इट्स फाइन"वर जाऊ नका, तो स्वभावाने कितीही गोड असला तरी.

कॉन्ट्रॅक्ट साधारण १३ आठवड्यांचं, आठवड्याला ३६ तास, म्हणजे बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट. फिरायचं असेल तर तीन शिफ्ट सलग मागा. एका आठवड्याच्या शेवटच्या तीन आणि पुढच्या आठवड्याच्या पहिल्या तीन अशा जोडून मिळाल्या, तर मध्ये आठ दिवस मोकळे निघतात. सुट्टी हवी असेल त्या तारखा कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घ्या. तोंडी "बघू" म्हणजे नाही. आणखी एक ओळ शोधा, किमान तासांची हमी. ती नसेल तर पेशंट कमी झाले की पहिली घरी बसते ती ट्रॅव्हलर. फ्लोट कुठे कुठे करणार, म्हणजे गरज पडली की दुसऱ्या कुठल्या वॉर्डांत पाठवणार, तेही विचारा.

आता पैसे. ट्रॅव्हलरच्या पगाराचा मोठा भाग राहण्या-खाण्याचा स्टायपेंड असतो आणि त्यावर कर लागत नाही. पण हे केव्हा? तुमचं खरं, कायमचं घर दुसरीकडे चालू असेल आणि तिथला खर्चही तुम्ही करत असाल तेव्हा. याला टॅक्स होम म्हणतात. मैत्रिणीच्या पत्त्यावर टपाल येतं, म्हणून ते टॅक्स होम होत नाही. घर सोडून, सामान गाडीत टाकून वर्षभर गावोगाव हिंडलात तर सगळाच स्टायपेंड करपात्र ठरू शकतो. एकाच भागात वर्षाच्या वर राहिलात तरी तेच. पन्नास मैलांचा नियम म्हणून जे सांगतात, तो कर खात्याचा नाही, एजन्सीचा किंवा हॉस्पिटलचा असतो. ट्रॅव्हल नर्सेसचं काम करणारा सीए (इथे सीपीए) पहिल्याच वर्षी गाठा.

एक अगदी आपलं असं. ड्रग टेस्टच्या आधी आठवडाभर खसखस बंद. मटणाच्या वाटणात, अनारशावर, कशातच नाही. खसखशीतून लघवीच्या तपासणीत मॉर्फिन दिसू शकतं. माझं एक कॉन्ट्रॅक्ट दिवाळीनंतर दहा दिवस अडकून पडलं होतं, सासूबाईंच्या अनारशांपायी. मेडिकल रिव्ह्यू करणाऱ्या डॉक्टरांना फोनवर अनारसा म्हणजे काय हे समजावताना मला जो घाम फुटला, तो पुढे कुठल्याही भुताने फोडला नाही.

आता गावं.

पहिलं कॉन्ट्रॅक्ट घ्या जॉर्जियातल्या सव्हानाचं. जानेवारीच्या मध्याला सुरू करा, एप्रिलच्या मध्याला संपेल, म्हणजे थंडी नाही, उकाडा नाही, आणि मार्चमध्ये अझेलिया फुलतो. फक्त १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक डेला गावात पाय ठेवायला जागा नसते आणि इमर्जन्सीतही, तेव्हा घर आधी पक्कं करा. गाव १७३३ मध्ये वसवलं, आखून-मोजून, चौकाचौकांचं. मूळ २४ चौकांपैकी २२ अजून आहेत. प्रत्येक चौकात मोठाले ओक आणि त्यांवरून लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस. आपल्याकडे मुंजा पिंपळावर राहतो. इथे आला असता तर त्याने ओकच पसंत केला असता. जुन्या घरांच्या व्हरांड्याचं छत फिकट निळं रंगवलेलं दिसेल. गल्ला-गीची लोकांची, म्हणजे इथल्या किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांची, ती रीत. भूत पाणी ओलांडत नाही, म्हणून डोक्यावर पाण्याचा रंग. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दाराला लिंबू-मिरची बांधणारी माझी आई आठवली.

छत कापलेल्या शववाहिकेत बसवून रात्रीची भुतांची टूर काढतात. एकदा करा, हसायला येतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कलोनियल पार्क स्मशानभूमीत एकट्या जा. तिथल्या एका पाटीवर लिहिलंय, की १८२० च्या पीतज्वराच्या साथीत गेलेली जवळपास ७०० माणसं इथे पुरली आहेत. ती पाटी वाचली आणि माझं या गावांकडे बघणंच बदललं. गाइड सांगतो ते द्वंद्वयुद्ध, समुद्री चाचे, शापित नवरी. पण खाली जी माणसं आहेत ती तापाने फणफणून, काळ्या उलट्या करून गेलेली. म्हणजे आपले पेशंट. तेव्हापासून नव्या गावी गेले की मी भूत कुठलं हे विचारत नाही, साथ कुठली हे विचारते. बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं.

न्यू ऑर्लिन्स तर याचं माहेरघर. १८५३ च्या एका उन्हाळ्यात तिथे पीतज्वराने सुमारे ८ हजार माणसं गेली. थडगी जमिनीच्या वर, घरासारखी बांधलेली. खाली पाणी लगेच लागतं हे एक कारण, आणि स्पॅनिश-फ्रेंच रीत हे दुसरं. उन्हाळ्यात आत भट्टी होते. वर्ष आणि एक दिवस थांबून हाडं मागे सारायची आणि त्याच खणात घरातल्या पुढच्या माणसाची सोय करायची. ऐकायला कसंतरी वाटतं, पण आपण तेराव्यापर्यंत जेवढे सोपस्कार करतो त्यापेक्षा हे सुटसुटीत आहे. १७८९ ची सेंट लुई नंबर वन स्मशानभूमी बघायची तर २०१५ पासून परवानाधारक गाइडबरोबरच जाता येतं. त्याहून मला आवडलं ते शार्ट्र रस्त्यावरचं औषधांचं संग्रहालय. १८२३ चं दुकान, जळवांच्या बरण्या, रक्त काढायच्या सुऱ्या, पाऱ्याची औषधं. नर्सने तिथे अर्धा दिवस ठेवावा.

तिथलं कॉन्ट्रॅक्ट मात्र १ जून ते ३० नोव्हेंबर या वादळाच्या मोसमात घ्यायचं असेल तर मुलाखतीतच विचारा, की वादळ आलं तर ट्रॅव्हलरची ड्युटी काय. वादळात आत राहणारी टीम वेगळी असते आणि वादळ ओसरेपर्यंत तिला हॉस्पिटलबाहेर पडता येत नाही. आणि मार्डी ग्रासच्या, म्हणजे तिथल्या कार्निव्हलच्या दिवसांत मिरवणुकीच्या रस्त्यापलीकडे घर घेऊ नका, ड्युटीवर पोचणार नाही.

वॉर्डातल्या भुतांबद्दल. अमेरिकन सहकाऱ्यांसमोर "आज शांत आहे" असं चुकूनही म्हणू नका. तो शब्द उच्चारला की चार ॲडमिशन येतात, यावर इथल्या एमडीचाही विश्वास आहे. दक्षिणेतल्या एका जुन्या हॉस्पिटलात पहाटे तीनला रिकाम्या खोलीची कॉल बेल वाजायला लागली. खोली दुपारीच रिकामी झालेली, कशामुळे ते सांगायला नको. मी जाऊन बंद केली, पुन्हा वाजली. चार्ज नर्स, म्हणजे त्या शिफ्टची प्रमुख, संगणकातून मान वर न करता म्हणाली, "आत जा आणि त्यांना सांग, आता झोपा." मी गेले, दारातच रामरक्षेच्या दोन ओळी म्हटल्या, आणि बेलची वायर भिंतीतून उपसून काढली. सकाळी मेंटेनन्सवाल्याने सांगितलं, खोली पुसताना बटणात पाणी शिरलं होतं. चार्ज नर्सला ते पटलं नाही. मला अर्धवट पटलं.

तिसरं गाव कुणी सुचवत नाही, पण नर्सने जायलाच हवं. केंटकीतलं लुईव्हिल. गावाबाहेर टेकडीवर वेव्हर्ली हिल्स आहे, क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम. १९१० ला सुरू झालं, आजची विटांची प्रचंड इमारत १९२६ ची. उपचार काय, तर मोकळी हवा, ऊन आणि सकस अन्न. बर्फातसुद्धा खाटा उघड्या सज्जात. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं, खाटा रिकाम्या झाल्या, आणि १९६१ ला सॅनेटोरियम बंद पडलं. टेकडीच्या पोटातून सुमारे ५०० फुटांचा बोगदा खाली उतरतो. मृतदेह तिथून न्यायचे, म्हणजे वरच्या रोग्यांना दिसू नयेत. माझ्या आजीची बहीण मिरजेजवळ वानलेसवाडीच्या टीबीच्या दवाखान्यात होती. आजी डबा घेऊन जायची आणि लांबूनच बोलायची, एवढंच आम्हाला माहीत. त्या सज्जात उभं राहिल्यावर मला ते लांबूनच बोलणं म्हणजे काय ते कळलं. गाइड ६३ हजार मृत्यूंचा आकडा सांगतात, तो मनावर घेऊ नका, खरा आकडा त्याच्या जवळपासही नाही. ५०२ नंबरच्या खोलीत एका नर्सचं भूत आहे म्हणतात. हे एक मला न सुटलेलं कोडं आहे. जगातल्या प्रत्येक हॉस्पिटलात पांढऱ्या कपड्यातल्या सिस्टरचंच भूत का? बिलिंगच्या क्लार्कचं कधी ऐकलंय?

सेलम थोडक्यात सांगते. १६९२ मध्ये चेटकीण ठरवून १९ जणांना फाशी दिली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली चिरडलं. आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांना मारल्याच्या बातम्या ज्यांनी वाचल्यात, त्यांना तिथल्या टोप्या-झाडूंच्या दुकानांत फार मजा येणार नाही. ऑक्टोबरात तर गाडी लावायलाही जागा नसते. लायसन्स झालं तर कॉन्ट्रॅक्ट बॉस्टनचं घ्या. नॉर्थ स्टेशनवरून लोकलने अर्ध्या तासात सेलम येतं. नोव्हेंबरात जा, फाशी गेलेल्यांच्या नावाचे दगडी बाक बघा, परत या.

टेक्ससमध्येच राहायचं असेल तर सॅन अँटोनियोपेक्षा गॅल्व्हेस्टन. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळात त्या बेटावर किमान ६ हजार माणसं बुडाली. अनाथाश्रमातल्या १० नन्सनी लहान मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्या कमरेला बांधलं, म्हणजे पाण्यात सुटू नयेत. ९० मुलं आणि दहाही जणी गेल्या. तीन मुलगे तेवढे वाचले. बेटावर मोठं विद्यापीठाचं हॉस्पिटल आहे, कॉन्ट्रॅक्टं निघत असतात.

घराचं राहिलं. फर्निश्ड फाइंडरसारख्या साइटवर बघा, पण व्हिडिओवर घर फिरवून दाखवल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. मी एकदा डिपॉझिट बुडवून बसलेय. त्या पत्त्यावर गेले तर तिथे टायरचं दुकान होतं. पहिल्या आठवड्यासाठी साधं मोटेल घ्या. कुकर न्याच, पण जुन्या लाकडी घरात आधी मालकिणीला शिट्टी ऐकवून ठेवा.

न्यूजर्सी कुणी भुताचं राज्य म्हणणार नाही. एडिसनला आपली निम्मी माणसं राहतात, तिथे भुताला भाड्याने खोली मिळायची नाही. पण तिकडे कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर नूअर्कच्या फेअरमाउंट स्मशानभूमीत जा. क्लारा मास नावाची नर्स तिथे आहे. पीतज्वर डासामुळे होतो का, हे क्युबात तपासत होते, तेव्हा तिने स्वतःला डास चावून घेतले. एकदा वाचली, दुसऱ्यांदा पुन्हा चावून घेतले. २४ ऑगस्ट १९०१ ला गेली, वय २५. डास तोच, आपल्याकडे डेंग्यू देतो तो. तिच्या नावाचं हॉस्पिटल जवळच बेलव्हिलला आहे. तिथे शववाहिकेची टूर नाही. दिवसाउजेडी जा, फुलं वाटेतच घ्या.